टिनाखालची अंगणवाडी

नंदाबाई राठोड महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावर बावीस वर्षांपासून अंगणवाडी चालवते. तांड्यातल्या निम्म्या जाणत्या पोरांनी पहिलं अक्षर तिच्याच समोर गिरवलेलं. पण अलीकडे मार्च सरत आला की तिचा जीव टांगणीला लागतो. वर टिनाचं छत, आणि पंखा लाइन असली तरच फिरणार.

त्या वर्षी चार वर्षांची नलू खिचडी खाता खाता घेरी येऊन ताटावरच कलंडली. नंदाबाईने तिला उचलून बाहेर नेलं, ओल्या फडक्याने पुसलं, शुद्धीवर आणलं. दुसऱ्या दिवसापासून तिने अंगणवाडी कडुनिंबाखाली भरवली.

आठवडाभरात महागावच्या ऑफिसातून नोटीस आली: भेटीच्या वेळी इमारत बंद आढळली, लेखी खुलासा द्यावा.

खुलासा घेऊन ती महागावच्या त्या ऑफिसात गेली, तर तिथे नेमकं उन्हाळ्यावरचं प्रशिक्षण होतं. तिलाही बसवून घेतलं. हॉल एसीने गारठलेला. एका तरुण साहेबांनी चांगलं समजावून सांगितलं. सूर्याचा उजेड हवेतून आरपार येतो, जमीन तापते, ती उष्णता परत वर निघते. पण हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड तिला अडवतो आणि बरीचशी पुन्हा खाली धाडतो. हे पांघरूण मुळीच नसतं तर पृथ्वी गोठली असती. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून माणसाने ते जाड केलं, म्हणून जग तापतंय. नंदाबाईला हे सगळं लख्ख कळलं. शेवटी साहेब म्हणाले, तेव्हा आपापल्या गावात लाकडाच्या चुली कमी करा.

ती उभी राहिली. "साहेब, आमच्या तांड्यावर एक बी कारखाना नाही. पांघरूण जाड केलं दुसऱ्यानं, मंग घेरी आमच्याच लेकरायले काहून येते?"

प्रश्न चांगला आहे, शेवटी घेऊ, असं साहेब म्हणाले. मग चहा आला आणि प्रशिक्षण संपलं. खुलासा टेबलावर ठेवून घेतला. वाचला कुणीच नाही.

घरी येताना तिने थर्मामीटर आणि चुन्याची पिशवी घेतली. मदतनीस सुखीबाई आणि पोरांच्या आया जमल्या, चुना कालवला, अख्खं छत पांढरं केलं. दुपारी आतला पारा बेचाळीसवरून अडतीसवर उतरला. लेकरं पुन्हा आत बसली.

पुढच्या भेटीला आलेल्या पर्यवेक्षिका मॅडमनी आधी छताकडे पाहिलं. सरकारी इमारत कोणाच्या परवानगीने रंगवली, असं विचारलं. नंदाबाईने रोजच्या पाऱ्याची वही पुढे केली. थर्मामीटर ऑफिसने दिलेला नाही, तेव्हा ते आकडे धरता येत नाहीत, असं मॅडमनी सांगितलं आणि दुसरा खुलासा मागितला.

"लिहून देतो," नंदाबाई म्हणाली. "पण चुना खरवडणार नाही."

मॅडम गेल्यावर तिने कागद काढला. पहिली ओळ तिने रागाने तीनदा खोडली, मग वही उघडून रोजचा पारा तारीखवार उतरवायला घेतला.