ऑर्गन : अज्ञात पुरुष

लालबागच्या आमच्या चाळीत, माझ्या शेजारच्या खोलीत कालिंदीकाकू राहतात. वय त्र्याहत्तर, आवाज तळमजल्यापर्यंत. परवा त्यांनी अशी हाक मारली, की मी कुकरचं झाकण हातात घेऊनच धावले.

त्यांच्या मांडीवर नवीकोरी एलपी होती, भाच्याने हौसेने आणलेली. कव्हरवर जांभळ्या रंगात वितळलेला गणपती आणि खाली 'हरवलेलं सायकेडेलिक रॉक, १९७४'. हरवलेलं म्हणे! जिने वाजवलं ती पन्नास वर्षं इथेच डाळ शिजवतेय. येऊन विचारायला काय झालं होतं?

काकूंचे यजमान चिंतामणी गिरणीत होते आणि गिटार वाजवायचे. चाळीतले दोन मित्र आणि बायको अशी चौकडी जमवून त्यांनी भजनांच्या चाली शब्दांशिवाय बसवल्या. गिटार मुद्दाम घरघरणारी, ड्रम दणदणीत आणि खाली ऑर्गनचा लांबलचक सूर. तो काकूंचा. रेकॉर्डिंगच्या दिवशी रेकॉर्डिस्ट म्हणाला, काचेच्या बांगड्या काढा, आवाज येतोय. काकूंनी साफ नकार दिला. शेवटी बांगड्यांवर रुमाल बांधून वाजवलं.

रेकॉर्ड निघाली तेव्हा कव्हरवर तिघांचीच नावं. देवाच्या चाली, त्यात घरची सून, लोक काय म्हणतील, असं सासऱ्यांचं म्हणणं. आणि चिंतामणीकाकांनी मान डोलावली. काका एरवी भला माणूस, पण याची माफी त्यांना माझ्याकडून नाही. पुढे ते वारले, तेव्हा नात्यातल्या बायका बांगड्या उतरवायला आल्या. काकूंनी त्यांना चहा पाजला आणि हातातल्या बांगड्यांसकट दारापर्यंत पोचवलं.

आता त्याच रेकॉर्डच्या या नव्या छपाईतली पुस्तिका काकूंनी माझ्यापुढे धरली. 'ऑर्गन : अज्ञात पुरुष वादक.' शिवाय, ऑर्गनसोबतची किणकिण हे न उलगडलेलं गूढ आहे, बहुधा एखादं दुर्मीळ मंदिरवाद्य असावं, असंही कुणा विद्वानाने लिहिलेलं. मला हसू फुटलं. काकूंना नाही.

"तेव्हा नाव गाळलानी, ते गिळलं," त्या म्हणाल्या. "आता पुरुष कुठून आणलानी? पुढच्या छपाईत माझं नाव लागलं पाहिजे."

पुस्तिकेवरच्या नंबरवर मीच फोन लावला. रविवारी एलपी काढणाऱ्या कंपनीचा मालक पुष्कर दादरहून आला. वागायला गोड, खांद्याला महागडी झोळी, बगलेत छोटा कीबोर्ड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅम, खरं सांगू? अज्ञात असण्यातच मजा आहे. लोकांना मिस्ट्री आवडते."

माझं टाळकंच सरकलं. म्हातारीचं आयुष्य याच्या गिऱ्हाइकांची मजा! मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आणि प्रूफ लागेल ना काहीतरी. वाजवून दाखवाल? मी रेकॉर्ड करतो, मूळ वादनाशी ताडून बघू."

काकूंनी पदर खोचला. पहिल्या ओळीला बोटं अडखळली, दुसरीला नाही. तिसऱ्या ओळीपासून तो सूर खोलीभर पसरला.

पुष्करने हात वर केला. "सॉरी मॅम. तेवढ्या बांगड्या काढाल का? आवाज येतोय."

काकू थांबल्या.

"तुझी रेकॉर्ड लाव," त्या म्हणाल्या.

त्याने फोनवर लावली. त्याच चालीत, त्याच वळणावर, रुमालाखालून दबलेली किणकिण. पुष्करने एकदा फोनकडे पाहिलं, मग काकूंच्या मनगटांकडे. मान खाली घातली.

"रेकॉर्डिस्टसाठी नाय काढल्या. नवरा गेला तेव्हा नाय काढल्या. आता तुझ्यासाठी काढू?" काकूंचा आवाज तळमजल्यावर नक्की गेला असणार. "पेन घे. लिही, ऑर्गन : कालिंदी."

त्याने लिहिलं आणि विचारलं, "पुढे? मिस्टरांचं नाव?"

"ते पहिल्यापासून छापलेलंच आहे."