साडूभाऊंचं प्रमाण

माझ्या साडूंइतका प्रमाणात जगणारा माणूस साऱ्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. ते ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात, पण शिकवणं कॉलेजात ठेवून घरी यायची कला त्यांना कधी साधलेली नाही. आमच्या मेहुणीनं वरणात लिंबू पिळलं, की ते विचारणार, "किती आम्ल गेलं?" एका लग्नात जिलब्या हाणून नवरीच्या मामांना पित्त झालं, कुणीतरी चमचाभर सोडा आणला, तर यांनी तो वरच्यावर अडवला. "चमचाभर म्हणजे किती? आम्ल किती, त्यावर सोडा ठरतो." मग पत्रावळीच्या पाठीवर समीकरण मांडलं. ते सुटेपर्यंत मामा ढेकर देऊन मोकळे झाले आणि मठ्ठ्याकडे वळले. साडूंच्या मते संसारातली निम्मी भांडणं माणसं समीकरण संतुलित करत नाहीत म्हणून होतात.  यावर मेहुणी नुसती त्यांच्याकडे बघते.

यंदा उन्हाळ्यात ते सहकुटुंब आमच्याकडे बेलापूरजवळच्या मळ्यात आले होते. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले होते, म्हणून मी हायड्रोक्लोरिक आम्लाचा वीस लिटरचा कॅन आणला होता. ट्रॉलीतून उतरवताना तो निसटला, फुटला, आणि सगळं आम्ल पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात गेलं. चर विहिरीच्या काठापासून दोन हातांवर. खालचा चुनखडीचा मुरूम फसफसायला लागला. शेजारचे तुकाराम धावत आले.

"लई पानी वता! धुऊन जाईल!"

"धुऊन कुठं जाईल? विहिरीत!" साडू ओरडले. "लांब व्हा सगळे! वाफ नाकात घेऊ नका, वारा येतोय त्या बाजूला या!"

गोठ्याला मारायला विझवलेल्या चुन्याची पोती आणलेली होती. तुकारामांनी एक खांद्यावर घेतलंच. "मंग सबंध पोतं वततो!"

"थांबा! एकदम ओतलंत तर उकळून अंगावर उडेल. आणि उरलेला चुना कुठं जाणार? विहिरीतच ना?"

एवढं बोलून साडूंनी ट्रॉलीच्या फळीवर खिशातल्या खडूनं लिहायला सुरुवात केली.

"अहो दाजी, गणित मागाहून करा!" माझी बायको रडकुंडीला आली होती. त्याच विहिरीवर आमची जनावरं, ऊस, पिण्याचं पाणी, सगळंच.

"कॅनवर तीस टक्के लिहिलंय, वीस लिटरचं वजन तेवीस किलो. म्हणजे खरं आम्ल जेमतेम सात किलो. त्याचे मोल एकशे नव्वद. चुन्याचा एक कण आम्लाचे दोन कण मारतो, म्हणून चुन्याचे मोल निम्मे. ते झाले पंच्याण्णव. एका मोलाचं वजन चौऱ्याहत्तर ग्रॅम." खडू थांबला. "सात किलो! तोलून आणा."

दुधाच्या काट्यावर चुना तोलला. तोंडाला उपरणं बांधून, कडेकडेनं, खोऱ्यानं थोडा थोडा टाकला. फसफस वाढली, वाफ उठली, मग हळूहळू निवलं. साडूंनी जास्वंदीची फुलं चुरगाळून जांभळं पाणी केलं आणि चरातलं काठीनं घेऊन त्यात थेंब सोडला. लालभडक, म्हणजे आम्ल अजून बाकी. आणखी दोन मुठी चुना. पुन्हा थेंब. या खेपेला पाणी जांभळंच राहिलं. मग विहिरीचं पाणी शेंदून त्यातही बघितलं. तेही जांभळंच.

"गेलं का न्हाई हिरीत?" तुकारामांनी विचारलं.

"न्हाई गेलं!" साडूही त्यांच्याच बोलीत बोलले. माझी बायको मटकन खाली बसली आणि हसायलाच लागली. 

चहा झाल्यावर तुकाराम म्हणाले, "सर, ते निम्मं कसं काय, परत सांगा की."

साडूंनी कप खाली ठेवला. पोरं आता शहरातल्या क्लासला जातात. कॉलेजात नाव असतं, बाकावर कुणी नसतं. हे मला मेहुणीकडून कळलं होतं, त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"खरंच सांगू?" त्यांनी विचारलं. 

"सांगा की. आमी हाय इथं."

ते उठले. ट्रॉलीची फळी त्यांनी हातानं पुसली. आम्ही सगळे समोर जमिनीवर बसलो.