चेहऱ्याला शून्य

मॅडम निवृत्त व्हायला आल्या आणि त्यांच्या टेपांचं कपाट रिकामं करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या कोणाच्या पडणार? विभागातली सगळ्यात जुनी नर्स मीच. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे, आणि त्या तोंडाच्या जोरावरच मी इतकी वर्षं मॅडमजवळ टिकले. गोड बोलणारं तिथे कोणी टिकलं नाही.

मॅडम मनोविकारांच्या डॉक्टर, त्यातही बाळंतिणींच्या. बाळ झाल्यावर ज्यांचं मन खचतं, ज्यांना बाळाकडे बघवत नाही, त्या बायकांच्या. मी नोकरीला लागले तेव्हा अशा बाईला वॉर्डात ठेवायचे आणि बाळाला घरी पाठवायचे. आई बरी होऊन घरी गेली की बाळ तिला बघून भोकाड पसरायचं. मॅडम तेव्हा तरुण होत्या. बाळ आईजवळ राहू द्या म्हणून मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. साहेब म्हणायचे, हे हॉस्पिटल आहे, पाळणाघर नव्हे. पण मॅडम कसल्या ऐकतायत. शेवटी साहेबांनीच हात टेकले आणि मागच्या बाजूची, जुन्या गाद्या टाकायची खोली देऊन टाकली. गाद्या आम्ही दोघींनी ओढून बाहेर काढल्या. माझी कंबर तेव्हापासून धरलेली आहे.

त्याच खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून मॅडमचं संशोधन सुरू झालं. बाळाला छोट्या खुर्चीत बसवायचं, समोर आई, बाळाच्या मागे मोठा आरसा. कॅमेरा आईच्या पाठीमागे. म्हणजे बाळ समोरून दिसायचं आणि आईचा चेहरा आरशात. तीन मिनिटं नुसतं बाळाशी बोला, खेळा, एवढंच सांगायचं. मग मॅडम टेप बघून गुण द्यायच्या: आई हसली का, डोळ्यांत बघितलं का, बाळ रुसलं तर तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं का. आईचा चेहरा वाचला की बाळाचं पुढचं कळतं, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं पुढे पुस्तकांत गेलं, लांबलांबची बोलावणी आली. हॉस्पिटलात लोक त्यांना आरसेवाली बाई म्हणायचे, आणि आरसेवाल्या बाईंनी सांगितलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

घरचं विचारू नका. त्यांचा मुलगा लहानपणी एकदा वॉर्डात आला होता. म्हणाला, आई, माझीपण टेप काढ ना, म्हणजे तू बघशील. सगळे हसले, मॅडमही हसल्या. नंतर औषधाच्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. तो मुलगा आता दूर असतो. फोनवर तब्येत विचारतो आणि ठेवतो.

तर मी कपाट उपसत होते, मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. हल्ली त्या नुसत्या बसतात. पाय सुजलेले, चहा गार झालेला. तेवढ्यात दारात एक बाई उभी राहिली. चेहरा ओळखीचा वाटला नाही, पण खोलीत आल्या आल्या ती खिडकीशी गेली आणि मला आठवलं. आम्ही तिला खिडकीवाली म्हणायचो. आमच्याकडे होती तेव्हा दिवसदिवस खिडकीबाहेर बघत बसायची. पोरगी रडली तरी मान वळायची नाही. औषधांनी बरी होऊन गेली, पुढे काही कळलं नव्हतं.

तिला तिची टेप हवी होती. कशाला म्हणून मी जरा फटकूनच विचारलं. ती शांतपणे सांगत गेली. लेकीचे दिवस भरत आलेत. लेक रोज फोन करते, आई तू ये, मला तूच हवी आहेस. ही काही ना काही सबब सांगते. आता सबबी संपल्या. म्हणून टेप न्यायची आणि लेकीला दाखवायची, म्हणजे आपल्याला तान्ह्या बाळाजवळ का येऊ देऊ नये ते तिला एकदाचं कळेल आणि ती हट्ट सोडेल.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही आजारी होता, तो आजार होता. हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल कोणास ठाऊक, आता त्याचा आवाजही दमलेला येतो.

बाई म्हणाली, "त्या दिवशी टेप बघताना तुम्ही शिकाऊ डॉक्टरांना सांगितलंत, चेहऱ्याला शून्य. पडद्यापलीकडे मी बसले होते."

मॅडमना आठवत नव्हतं. कसं आठवणार, अशी शून्यं त्यांनी ढिगाने दिली असतील. पण त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. मला म्हणाल्या, सिस्टर, लावा टेप.

लावली. आरशात तरुण खिडकीवाली दिसली. चेहरा अगदी कोरा. खुर्चीतली पोरगी तिच्याकडे बघून हुंकारली, हसली, मग कंटाळून मान फिरवली. पुन्हा बघितलं, पुन्हा मान फिरवली. बाई म्हणाली, बघा, मी सांगत होते. आणि पिशवी उचलून उठायला लागली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "सिस्टर, मागे घ्या. आरसा सोडा, खाली बघा."

मी मागे घेतली. खाली पोरीचे पाय. पाय झाडताना एक मोजा निसटला. कडेने आईचा हात आला, मोजा चढवला, गेला. पोरीने पुन्हा पाय झाडला, पुन्हा मोजा निघाला, पुन्हा तो हात आला. आरशातला चेहरा तसाच, डोळे कुठेतरी भलतीकडे, आणि खाली हात मोजा चढवतोय. टेप संपेपर्यंत हेच. शेवटी तर हाताने दोन्ही पावलं मुठीत धरून ठेवली.

मी ही टेप तेव्हा मॅडमच्या शेजारी बसून बघितली होती. आम्ही सगळे आरशातच बघत होतो.

बाई पिशवी धरून उभीच होती. मग म्हणाली, "खोलीत गारठा होता हो. तिची पावलं गार पडायची."

"ते शून्य मी दिलं होतं," मॅडम म्हणाल्या. "माझं चुकलं. तुमचं नव्हतं."

बाई रडली नाही. मॅडमच रडल्या, आणि वाईट रडल्या. आयुष्यभर दुसऱ्याचं रडणं बघितलेल्या माणसाला स्वतःचं आवरता येत नाही. बाईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग तिला काय वाटलं कोणास ठाऊक, गार चहाची कपबशी उचलून बाजूला ठेवली. टेप मागितली नाही. राहू दे, आता काय दाखवायचं, म्हणाली. बाहेर व्हरांड्यात तिने फोन लावलेला ऐकू आला. मी उद्या निघते, म्हणत होती. तिकडे थंडी आहे का, विचारत होती.

मी म्हटलं, चला, सकाळी माणसं येणार आहेत टेपा न्यायला. मॅडम म्हणाल्या, त्यांना येऊ नका म्हणून सांगा. मला सगळ्यांचे हात बघायचेत. मी कपाळाला हात लावला. अख्खं कपाट भरलंय, तुमचे डोळे गेलेत, माझी कंबर गेली, आणि खोलीही परवा काढून घेणार. त्यांनी पुढच्या टेपसाठी नुसता हात पुढे केला.

मी पुढची टेप लावली. तीही शून्यवालीच. आम्ही दोघी डोळे फाडून खाली बघत राहिलो. त्या बाईचे हात मांडीवर होते, ते शेवटपर्यंत हलले नाहीत. बाळ रडून रडून थकलं आणि गप्प झालं.

मॅडमनी चष्मा पुसला. "पुढची लावा," म्हणाल्या.