नोंद सापडली नाही

बाबूलालभाई तांबोळींना इंग्रजी येत नाही, आणि आमच्या डेअरीच्या संगणकावरच्या चुकांच्या सूचना निम्म्या इंग्रजीतच येतात. तरी बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुठल्याही दूध केंद्राचा संगणक अडला, की फोन त्यांनाच येतो. मी सुप्रिया, या संगणकांवरची ईआरपी नावाची प्रणाली बसवणाऱ्या कंपनीची इंजिनीअर, त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसते. माझा फोन दिवसदिवस वाजत नाही. पहिले दोन महिने मला याचा फार राग यायचा.

ईआरपी म्हणजे दूध, पशुखाद्य, कामगारांच्या रजा, जनावरांच्या डॉक्टरांच्या गाड्या, सगळा कारभार एकाच प्रणालीत. एक रकाना चुकला की लाल चौकट येते आणि पुढचं सगळं ठप्प. लोक ती चौकट न वाचताच बंद करतात आणि फोन करून सांगतात, "कायतरी आलं हुतं." काय आलं होतं? "लाल हुतं." यावर मी जे बोलायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बाबूलालभाई राहायला जळोचीला. पंचवीस वर्षं त्यांनी पणदऱ्याच्या केंद्रावर दूध मापलं. गुडघे गेले तेव्हा बसून करायचं काम म्हणून साहेबांनी त्यांना मदत कक्षात आणलं. चौकटीत काय आलंय हे ते आधी विचारतच नाहीत. "त्याच्या आदी काय केलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. समोरचा हमखास म्हणतो, "काईच न्हाय केलं." मग हे हसतात. "आरं, काल मी बी भलतंच बटन दाबलं. साहेब लई चिडलं." की तिकडून खरं काय ते बाहेर पडतं.

एकदा मी त्यांना धरलंच. "भाई, रोज तुम्हीच कसे चुकता हो?"

"मी कुठं चुकतोय ताई? त्याला लाज वाटतीया. थोडी मी घेतो, म्हंजी त्याला बोलाय येतंय."

माणूस असा. मी त्यांच्याकडून हे शिकले म्हणायला जीभ धजत नाही, कारण गेल्या मे महिन्यात मी जे वागले ते अजून मला टोचतं.

सकाळचे अकरा वाजले असतील. भाईंच्या फोनवर एक म्हातारी होती, स्पीकर चालू होता. "शेळगावच्या वस्तीवरनं बोलतीया. म्हस अडलीया. रेडकू आडवं आलंय. गाडी धाडा, बाबा."

गाडी पाठवायची तर सभासदाची नोंद उघडावी लागते. ती उघडली, की जवळच्या डॉक्टरांच्या टॅबवर काम जातं आणि गाडी वळते. फोन आला तो नंबर टाकला, तर तो नोंदलेलाच नव्हता. सभासद कार्ड नवऱ्याच्या खिशात, नवरा आणि सगळी वस्ती लग्नाला, आणि नवऱ्याचा मोबाइल चार्जिंगला घरीच. त्यावरूनच त्या बोलत होत्या. आडनाव शिंगाडे, आणि शेळगावात शिंगाडे त्रेसष्ट. बाबूलालभाईंनी त्या भागातल्या डॉक्टर मानसिंगना थेट फोन लावला, पण तो नुसता वाजत राहिला. डॉक्टरांचे हात कुठल्या तरी गोठ्यात गुंतलेले असणार.

"आक्का, मालकांचं नाव काय?"

"ते आपलं... ह्यांचं."

"ह्यांचं म्हणजे कुणाचं?" मी मध्येच ओरडले. "तिकडं म्हैस मरेल, नाव सांगा की!"

म्हातारी रडायला लागली. उभ्या जन्मात तिनं नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारलं नव्हतं, आणि आता एक अनोळखी पोरगी तिच्यावर खेकसत होती. बाबूलालभाईंनी माझ्याकडं जे पाहिलं, त्यानं मी गप्प बसले. मग त्यांनी खाकरून, सगळं ऑफिस ऐकत असताना, फोनमध्ये चक्क उखाणा घेतला.

"तव्यावर भाकर, ताटात कांद्याची पात, मेहबूबबीनं तीस वर्सं सोडला न्हाय हात. घ्या आक्का, मी माज्या बायकूचं नाव घेतलं. आता तुमी घ्या."

तिकडून हुंदका गिळत, भराभर:

"गोठ्यात अडली म्हस, डोळ्यांत आलं पाणी, गेणबारावांचं नाव घेते, गाडी धाडा कोणी."

कुणी हसलं नाही. भाईंनी सभासदाच्या नावाच्या रकान्यात टाइप केलं, गेणबा शिंगाडे. लाल चौकट. नोंद सापडली नाही. मी कीबोर्ड ओढून घेतला आणि गेनबा, गेणू, ज्ञानबा, ज्ञानदेव, सुचेल ते घालून पाहिलं. तीच चौकट. नवीन सभासद करावा तर मंजुरीला दोन दिवस. माझी सगळी इंजिनीअरिंग तिथं संपली.

बाबूलालभाई डोकं खाजवत बसले होते. एकदम म्हणाले, "आक्का, तुमचं नाव काय?"

"माजं? माजं कशाला?"

"सांगा तर."

"दगडाबाई."

नोंद उघडली. दगडाबाई गेणबा शिंगाडे, अकरा वर्षांपासून सभासद. काम डॉक्टरांच्या टॅबवर गेलं, हात मोकळे होताच, पाच मिनिटांत त्यांनी ते घेतलं. गाडी पोचेपर्यंत भाईंनी फोन ठेवला नाही. "वढू नगा. तिच्याजवळ हुब्या ऱ्हावा. बोला तिच्याशी." मध्येच त्यांनी सांगून टाकलं, "आक्का, सभासद तुमीच हाय बरं का."

"मला कुणी सांगितलंच न्हाय," त्या म्हणाल्या.

रेडी झाली. म्हैस आणि रेडी दोघी जगल्या. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी गेणबांचा फोन आला. आवाज दबका. "तुमी तिला सांगितलं जनू."

"चुकलं का माजं?" बाबूलालभाईंनी विचारलं.

"न्हाय, न्हाय. पैली म्हस तिच्या भावानं दिल्याली. ही आत्ताची त्या म्हशीचीच लेक. मग नाव कुणाचं घालायचं? सांगायचं तेवढं ऱ्हाऊन गेलं."

अकरा वर्षं राहून गेलं होतं. नोंदीतला जुना नंबर काढून भाईंनी विचारलं, "गेणबाराव, आता हितं नंबर कुणाचा घालू? तुमचा का त्यांचा?"

"तिच्याकडं कुठला मोबाइल?" म्हणून गेणबा थांबले. मग म्हणाले, "थांबा, तिलाच इचारतो." फोन बाजूला धरल्याचा आवाज आला. "आगं ए," त्यांनी हाक मारली. मग पुन्हा थांबले, आणि घसा खाकरून जरा मोठ्यानं म्हणाले, "दगडाबाई, हिकडं ये. तुजा फोन हाय."