मामांचं चुकलेलं मत

माझे मामा चष्मेवाले. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मामींना बाहेर यावं लागतं. तिथेच काउंटरवर, भिंगं घासायच्या यंत्राशेजारी, एक जुना लॅपटॉप असतो आणि त्यावर मामांचा दुसरा संसार चालतो.

तो एका क्रिप्टो नाण्याचा कारभार. या नाण्याला मालक नाही, साहेब नाही. नियम बदलायचा तर नाणी बाळगणारे जगभरचे लोक मत देतात. ज्यांना सवड नसते, ते आपलं मत विश्वासातल्या माणसाकडे सोपवतात. अशी शेकडो मतं मामांकडे होती, कारण ते प्रत्येक प्रस्ताव शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि शंका विचारून भल्याभल्यांना भंडावून सोडत. स्वतःच्या इमारतीच्या बैठकीला मात्र ते कधी फिरकले नाहीत.

यंदा प्रस्ताव आला, की कुठल्याही बदलाआधी आठवडाभर चर्चा करायची हा नियमच काढून टाकावा. मामा पेटले. चष्म्याचा नंबर घाईत काढला की माणूस जिन्यावरून पडतो, असं लिहून त्यांनी विरोधाची बाजू हिरिरीने लढवली. आणि मतदानाच्या दिवशी, एका गिऱ्हाइकाचा नवा चष्मा नीट बसतो का हे बघायला तो स्वतःच्या नाकावर चढवला आणि तसाच ठेवून बटण दाबलं. होकाराचं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मला हसू फुटलं, पण मामांचा चेहरा बघून ते जागीच विरलं. दिलेलं मत फिरवता येत नाही. वाट एकच होती: मत सोपवणाऱ्याने स्वतः मतदान केलं, तर तेवढं मत मामांकडून वजा होतं. म्हणजे ज्यांनी विश्वास टाकला त्यांनाच सांगायचं, माझ्याविरुद्ध जा. मी सुचवलं, लॅपटॉप बिघडला म्हणून सांगा. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी खरं ते लिहिलं, चष्म्यासकट. तेव्हा ते मला फार आवडले.

लोक हसले, पण आले. दुपारभर मतं मामांकडून निघून पलीकडे जात राहिली. मामांना हायसंही वाटत होतं आणि चेहराही उतरत होता. संध्याकाळी प्रस्ताव पडला. मामांजवळ दोनच मतं उरली. एक त्यांचं आणि दुसरं मामींचं, लग्नाच्या वाढदिवसाला मामांनीच दिलेल्या नाण्यांचं.

"अगं, तू का नाही काढून घेतलंस?" मामांनी विचारलं.

मामी दाराशी उभ्या राहून तोच चष्मा पुसत होत्या. "आयुष्यभर तुमच्याविरुद्धच मत दिलं," त्या म्हणाल्या. "प्रस्ताव पडतोय हे बघितलं. सगळेच तिकडे गेले, म्हटलं आपण इथे थांबावं."

मामांनी लॅपटॉप मिटला, आपलं स्टूल भिंतीशी सरकवलं आणि मामींना आत यायला जागा करून दिली.