जिभेला चिकटलेलं हाड

सरांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला नाही. टेबलावर ठेवायला सांगितला. मग प्रयोगशाळेतल्या शिपायाला म्हणाले, "हा आधी नीट धुऊन आण."

इतकंच. शिवी नाही, आवाज चढवणं नाही. पुण्यात अपमानसुद्धा स्वच्छ असतो.

हाड की दगड, हे ओळखायची आमच्या जीवाश्मांच्या कामात एक जुनी रीत आहे. तुकडा जिभेला लावायचा. दगड सुटून येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं हाड बारीक छिद्रांमुळे जिभेला चिकटतं. त्या दुपारी आम्ही संशोधक विद्यार्थी टेबलाभोवती बसलो होतो. एकच तुकडा सगळ्यांच्या जिभेवरून फिरून सरांकडे गेला, त्यांनीही लावला. कुणी पुसलासुद्धा नाही. मग मी दगड म्हणून टाकून दिलेल्या ढिगातून एक उचलला. चिकटला. कडेला दातांच्या खाचा होत्या. जबडा होता तो. मला पहिल्यांदा काहीतरी सापडलं होतं.

"सर, पाण्यानं फुटेल," मी म्हणाले. असं हाड मातीनंच धरून ठेवलेलं असतं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"स्वच्छता नको का बघायला?"

शिपायानं नळाखाली धरला. परत आणला तेव्हा बशीत चिखल होता आणि भुगा. सर म्हणाले, कच्चाच होता. सगळे आपापल्या कामाला लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मी चंद्रपूरकडची, आमच्या वस्तीतून शिकायला इतकी लांब आलेली पहिली मुलगी. शहरात हे सगळं संपलंय, असं मीच आईला सांगायचे. त्या संध्याकाळी धायरीच्या खोलीवर जाऊन मी साबणानं तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं. सरांनी केलं त्यापेक्षा मला या धुण्याची जास्त चीड येते.

आई फोनवर म्हणाली, "मोठ्याच्या तोंडी लागू नको बाई. शिकून घे आधी."

आईचं ऐकलं. मार्गदर्शक तेच, शिष्यवृत्तीच्या कागदांवर सही त्यांचीच. त्यानंतर वर्षभर मी एकही तुकडा जिभेला लावला नाही. धडधाकट जीभ तोंडात असून दुसऱ्यांना विचारायचे, हे हाड आहे का हो? जगावंसं वाटत नव्हतं. हे लपवण्यात अर्थ नाही.

या उन्हाळ्यात आम्ही विदर्भात खोदायला गेलो. माझ्याच मुलखात. उतारावर मातीतून एक कड वर आलेली दिसली. शेजारी सुटा तुकडा. तशाच खाचा. सगळे जमले. मी तुकडा उचलला आणि सगळ्यांसमोर, सावकाश, जिभेला लावला. चिकटला.

सरांनी मागे वळून पाण्याची बाटली मागितली.

मी हात मागे घेतला. "पाणी लावू देणार नाही. बघायचं असेल तर असाच जिभेला लावा. नाहीतर मी सांगते ते माना."

माझ्याबरोबरचे सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. सरांनी जीभ लावली नाही, मानलंही नाही. जबडा, त्या सुट्या तुकड्यासकट, मीच प्लास्टरमध्ये बांधून पुण्याला आणला. आल्यावर कळलं, सर आता माझे मार्गदर्शक नाहीत. कारण काय, तर वागणूक.

शिष्यवृत्ती थांबली. दुसऱ्या प्राध्यापकांकडे गेले, तर जागा नाही म्हणाले. त्यांना सरांचा फोन गेला असणार. आई रडते, मीही रोज रडते. खोली किती दिवस टिकेल ठाऊक नाही. पण जबडा संस्थेच्या कपाटात आहे. अख्खा, कोरडा, माझी थुंकी वाळलेला.

मी तक्रार केली आहे. उद्या समितीपुढे बोलावलंय. माफी मागून मिटवून टाक, असं आजच संस्थेतल्या दोघांनी सुचवलं. मी मागणार नाही. जबडा टेबलावर ठेवायला लावीन आणि सरांना सगळ्यांदेखत विचारीन, हाड आहे की दगड?

पाण्याशिवाय सांगा.