मागून हाक येईपर्यंत

मुंबईत गाडी नसलेली माणसं पोत्याने सापडतील, पण न घेतलेल्या गाडीपायी इतकी वर्षं झिजलेला माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय दुसरा सापडायचा नाही. दादरपासून वरळीपर्यंत असं एक शोरूम नसेल, जिथे मामांनी फुकटची कॉफी प्यायली नाही आणि जिथला सेल्समन त्यांना काचेतून येताना बघून जेवायला पळाला नाही. गाडी हवी होती ती मामींसाठी. मामींचे गुडघे कामातून गेले होते. लालबागहून कोकणात जाणाऱ्या लक्झरीच्या पायऱ्या त्यांना चढवत नव्हत्या आणि देवगडजवळच्या माहेरी जाऊन देवीची ओटी भरायचं वर्षानुवर्षं राहत होतं. ओटीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं कपाटात घडीवरच विरायला आलं होतं. "यंदा आपल्या गाडीने जाऊ," असं मामा दर गणपतीत सांगत आणि मामी दर गणपतीत ते लुगडं उन्हात घालून परत ठेवत. फंडाचे पैसे बँकेत होते, मामांना गाडी चालवताही येत होती. अडत होतं ते फक्त तत्त्व.

मामा जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. तिकिटावर छापलंय तेवढंच घ्यायचं, वर एक पैसा नाही, हा त्यांचा धर्म. सुटे पैसे न घेता उतरलेल्या प्रवाशामागे ते नायगावच्या नाक्यावर बस थांबवून धावलेले आहेत आणि त्याबद्दल आतल्या प्रवाशांच्या शिव्याही त्यांनी आनंदाने खाल्ल्या आहेत. अशा माणसापुढे शोरूमवाला कोटेशन ठेवी. गाडीची किंमत, रजिस्ट्रेशन, विमा, इथवर मामा मान डोलवत. मग 'हँडलिंग चार्जेस' आलं की ते चष्मा काढून पुसायला घेत.

"हे काय असतं?"

"सर, गाडी यार्डातून इथे आणायचा खर्च."

"यार्ड कुठे? वडाळ्याला ना? मग मी तिथे येतो. चालत येतो. तिथूनच द्या."

त्याखाली किट असे. त्यात पायपुसणी, सुगंधी बाटली आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा गणपती. "गणपती माझ्या घरात आहे," मामा म्हणत, "तुमचा काढून घ्या आणि तेवढे कमी करा." एका ठिकाणी तर ते म्हणाले, "हँडलिंग घ्या, पण त्याचं तिकीट फाडा. कुठल्या कायद्याखाली घेतलं ते त्यावर लिहा." सेल्समन मॅनेजरला आणायला म्हणून आत गेला तो आम्ही असेपर्यंत बाहेर आला नाही. सगळ्यात मोठी पंचाईत ही की मामांचं म्हणणं बरोबर होतं. चुकीच्या माणसाची समजूत तरी घालता येते.

तत्त्व हरलं की मामा मासळीबाजारातलं हत्यार काढत. आपला भाव सांगायचा, पाठ फिरवायची आणि सावकाश चालू लागायचं. बाजारात चार पावलं गेलं की कोळीण हाक मारतेच, "ए भावा, ये, ने, बोनीचा टायम हाय." शोरूममध्येही मामा तेच करीत. हँडलिंग वजा करून आकडा सांगत, उठत आणि लग्नातली नवरी चालावी तसे दाराकडे निघत. मी साक्षीला बरोबर. "मागे बघू नका, जावई. बघितलं की भाव चढतो." दाराशी पोचल्यावर ते वाकून चपलेचा पट्टा उगाच नीट करीत, म्हणजे हाकेला आणखी थोडा अवधी. दार आपोआप उघडे, आम्ही बाहेर पडत असू, दार आपोआप बंद होई. मग समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीपाशी, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर, आम्ही रस पीत उभे. संध्याकाळी शोरूमचा फोन मात्र न चुकता येई. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल, असं त्यात रेकॉर्ड केलेली बाई विचारी.

शेवटी मीच टेकीला आलो. मामा गाडीची डिकी तपासत असताना मी सेल्समनला बाजूला घेऊन सांगितलं, हँडलिंगचे मी भरतो, तुम्ही फक्त त्यांना मागून हाक मारा. भला माणूस होता. मामा दाराशी वाकले तसा तो मोठ्याने म्हणाला, "काका, या परत. तुमच्या भावाने देतो." माझ्या जिवात जीव आला. मामांनी पट्टा नीट केला, सरळ उभे राहिले आणि मागे न बघताच चालू लागले. रसाच्या गाडीपाशी म्हणाले, "ही हाक त्याची नव्हती जावई, तुमची होती. काचेत सगळं दिसतं."

मी घरी येऊन मामींसमोर कपाळाला हात लावला. मामी हसल्या. "मासो कुसता, म्हणान कोळीण हाक मारता," त्या म्हणाल्या. "गाडी कित्याक कुसतली?" ही इतकी साधी गोष्ट मामांना कुणीच पटवू शकलं नाही, मामीसुद्धा. बसल्या जागी कुजत होते ते मामींचे गुडघे, आणि त्यांना हाक मारायची सवय नव्हती.

गेल्या गणपतीनंतर मामी गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला काही कळलं नाही. लुगडं कपाटातच होतं. मूलबाळ नव्हतं, अग्नी मामांनीच दिला. परतताना भटजी म्हणाले, आता कुणी मागे वळून बघायचं नाही. सगळे भराभर फाटकाकडे निघाले. मामा सगळ्यांच्या मागे होते, आणि कुठल्याही शोरूममध्ये चालले नसतील इतके हळू चालत होते. फाटकाशी आल्यावर ते वाकले. पायात चप्पल नव्हती, तरी त्यांचा हात पट्टा शोधत राहिला.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "मामा, मागे बघू नका."

"बघत नाही, जावई," ते म्हणाले. "नुसतं ऐकतोय."

मीही मग त्यांच्याबरोबर फाटकात थोडा वेळ उभा राहिलो.